हेडफोन निवडताना : तंबोऱ्याची कसोटी

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

स्वस्त वस्तू आपण फारसा विचार न करता घेतो आणि फार महाग वस्तूचा विचारच करीत नाही. खरी पंचाईत होते ती मधल्या किमतीच्या वस्तूची. ती घेण्याइतके पैसे शिल्लक टाकून टाकून कसेबसे जमतात. पण निवड चुकली तर दुसरी घेण्याइतके नसतात. संगीत ऐकण्यासाठी घ्यावयाचा चांगला हेडफोन ही आम्हां विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अशीच एक वस्तू आहे.

या लेखात पाच ते पंधरा हजार रुपयांच्या टप्प्यातील, पूर्ण कान झाकणाऱ्या हेडफोनांचाच विचार केला आहे. गेले वर्षभर शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन मी काही रक्कम बाजूला टाकीत आहे. त्या काळात मैत्रिणींकडील, नातलगांकडील व दुकानांतील जेवढे हेडफोन कानाला लावता आले तेवढे लावून पाहिले आणि वाचावयास मिळाले ते वाचून काढले. त्यावरून माझे असे मत झाले आहे की, हेडफोन घेताना ‘कोणती कंपनी?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. पहिला प्रश्न ‘मी कोठे बसून ऐकणार?’ हा असावा, आणि दुसरा ‘मी काय ऐकणार?’ हा. या दोहोंची उत्तरे नक्की झाली की दुकानातील निम्म्याहून अधिक माल आपोआप बाद होतो.

आपल्याकडचे ऐकणे

आपल्या सीमाभागात गाणे ऐकणे ही चैन मानली जात नाही. कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी गावी झाला. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळचे, भीमसेन जोशी गदगचे, आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ आयुष्याची अनेक वर्षे मिरजेत राहिले. भीमसेनांच्या एकाच गळ्यातून आपण मराठी अभंगही ऐकतो आणि कन्नड दासपदेही ऐकतो. ज्या घरांत स्वयंपाकघरात एक भाषा आणि अंगणात दुसरी भाषा बोलली जाते, त्या घरांना हे काही वेगळे वाटत नाही. मागच्या पिढ्यांनी हे संगीत सांगली आणि धारवाड आकाशवाणीवर ऐकले, नंतर कॅसेटवर ऐकले. आमची पिढी तेच फोनवर ऐकते. ध्वनिमुद्रण उत्तम आणि जवळजवळ फुकट मिळते. कानापर्यंत पोचविणारे साधन मात्र बहुधा फोनबरोबर आलेले किंवा फुटपाथवर घेतलेले असते. सगळा प्रश्न या शेवटच्या चार बोटांच्या अंतराचा आहे.

थोडा इतिहास

अमेरिकेतील युटा प्रांताच्या नॅथॅनिएल बाल्डविन याने १९१० साली आपल्या स्वयंपाकघरात बनविलेले हेडफोन अमेरिकन नौदलाने संदेश ऐकण्यासाठी घेतले. संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन लोकप्रिय केले ते जॉन कॉस याने, १९५८ साली. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने ‘एचडी ४१४’ हा पाठ उघडी असलेला हेडफोन बाजारात आणला, आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने हेडफोन रस्त्यावर आणला. आज दुकानात दिसणारा प्रत्येक नमुना या चौघांपैकी कोणाचा तरी वंशज आहे. आपल्या निवडीच्या दृष्टीने १९६८ ची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्याकडे आता वळू.

बंद की जाळीचा?

हेडफोनच्या प्रत्येक बाजूस एक छोटा कर्णा असतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. त्याचा पडदा पुढे हलतो तेव्हा कानाकडे आवाज जातो, आणि तोच पडदा मागेही तेवढाच आवाज फेकतो. या मागच्या आवाजाचे काय करावयाचे, यावरून दोन जाती झाल्या. वाटी मागून बंद असली की तो आवाज आतच घुमतो. तो जिरविण्यासाठी आत कापूस, फेस इत्यादी भरावे लागते. वाटीला मागे जाळी असली की तो आवाज बाहेर निघून जातो. पहिल्या जातीस ‘क्लोज्ड-बॅक’ आणि दुसरीस ‘ओपन-बॅक’ म्हणतात. मी त्यांना बंद आणि जाळीचे असे म्हणते.

जाळीच्या हेडफोनमधून गाणे मोकळे वाटते. गायक कपाळाच्या आत बसून गात नसून समोर थोड्या अंतरावर बसला आहे असा भास होतो, आणि वाद्ये एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. पण जाळीतून आवाज दोन्हीकडे जातो. शेजारी बसलेल्यास तुमचे गाणे ऐकू येते आणि तुम्हांला शेजारच्याचा कुकर. शिवाय अगदी खालचा खर्ज त्यात सामान्यतः थोडा उणा पडतो. बंद हेडफोनमध्ये खर्ज भरतो व बाहेरचा गोंगाट अडतो. मात्र स्वस्त नमुन्यांत आवाज माठात बोलल्यासारखा घुमतो. जागा शांत असेल आणि खोली स्वतःची असेल तर जाळीचा, एरवी बंद, हा पहिला नियम.

येथेच बसण्याचाही विचार करावा. कान पूर्ण आत मावला पाहिजे आणि कानाभोवतीची गादी सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. जराशी फट राहिली तरी खर्ज गळतो. चष्म्याची काडी नेमकी अशीच फट पाडते. म्हणून चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकटच हेडफोन घालून पाहावा, आणि मऊ, जाड गादीचा निवडावा. पाच मिनिटे घालून सारेच हेडफोन सुखाचे वाटतात. निदान अर्धा तास घातल्याशिवाय डोक्यावरच्या पट्टीचा दाब कळत नाही.

पेटीवरचे आकडे

हेडफोनच्या पेटीवर ठळक छापलेला आकडा असतो ‘२० ते २०,००० हर्ट्झ’. माणसाच्या निरोगी कानास साधारण एवढेच ऐकू येते, त्यामुळे हा आकडा पाहून ग्राहक निश्चिंत होतो. पण या दोन टोकांमध्ये कोणता स्वर किती मोठा आणि कोणता किती बारीक वाजेल, हे त्यात सांगितलेले नसते. बेळगाव ते निपाणी रस्ता आहे एवढे सांगितल्याने त्यात खड्डे किती हे कळत नाही, तसेच हे आहे. ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा की ५० चा, यावरूनही आवाजाची प्रत ठरत नाही.

किमतीचे काय? आम्हां वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना सर्वांत उद्‍बोधक वाटावी अशी माहिती येथे आहे. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापे घेऊन ती त्यांच्या किरकोळ किमतींशी ताडून पाहिली. निष्कर्ष असा निघाला की, कोणता स्वर किती वाजतो या गुणाचा आणि किमतीचा परस्परसंबंध आढळत नाही. किंमत म्हणजे गुणवत्तेची खूण, हे गृहीत येथे लंगडे पडते. जादा पैसे बांधणीला, सामग्रीला, नावाला आणि जाहिरातीला जातात. ते आवाजाला जातातच असे नाही.

तर मग चांगला आवाज म्हणजे कोणता? हर्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२-१३ पासून श्रोत्यांवर प्रयोग करून याचे उत्तर शोधले. चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले स्पीकर जसे ऐकू येतील तसा वाजणारा हेडफोन बहुसंख्य श्रोत्यांना आवडतो, असे त्यांना आढळले. खर्ज थोडा भरलेला, मधला पट्टा सरळ आणि वरचा पट्टा हळूहळू उतरता, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे.

फोनला पेलेल का?

तारेच्या हेडफोनवर एक आकडा मात्र उपयोगाचा असतो, तो ‘इम्पिडन्स’चा, ओहममध्ये दिलेला. विजेच्या प्रवाहास हेडफोन किती विरोध करतो हे तो सांगतो. हिशेब सोपा आहे : व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम म्हणजे मिळणारी शक्ती. एक व्होल्टला ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट मिळतात. त्याच एक व्होल्टला ३०० ओहमच्या हेडफोनला अवघे ३.३ मिलिवॅट. म्हणून सेनहायझरचा १९९७ पासून नावाजलेला ३०० ओहमचा ‘एचडी ६००’ साध्या फोनला लावला तर त्याचा आवाज बहुधा अपुरा पडतो. त्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागतो, म्हणजे पुन्हा खर्च. नुसत्या फोनवर ऐकणाऱ्याने ८० ओहमच्या आतला हेडफोन पाहावा. संवेदनक्षमतेचा आकडाही बरोबर वाचावा, कारण कमी शक्तीत जास्त आवाज देणारा हेडफोन फोनला सोयीचा.

आता पुष्कळ फोनांना तारेचे भोकच नसते. त्यासाठी चार्जिंगच्या भोकात बसणारा बोटाएवढा डोंगल मिळतो. त्याची किंमत खरेदीच्या हिशेबात आधीच धरावी.

बिनतारी आणि आवाज मारणारे

बिनतारी म्हणजे ब्ल्यूटूथचे हेडफोन सोयीचे आहेत यात वाद नाही. पण त्याच किमतीत बॅटरी, रेडिओ आणि माइक यांचा खर्च भागवावयाचा असतो, त्यामुळे निव्वळ आवाजासाठी उरणारा वाटा कमी होतो. दुसरे म्हणजे आतील बॅटरी दरवर्षी थोडी थोडी क्षीण होते आणि बहुतेक नमुन्यांत ती घरी बदलता येत नाही.

बिनतारी हेडफोनांत ‘नॉइज कॅन्सलिंग’ हा गुण पुष्कळदा मिळतो. बाहेरच्या बाजूस बसविलेला माइक गोंगाट टिपतो, आणि हेडफोन त्याच्या बरोबर उलट लहर कानात सोडतो. लहरीचा चढ आणि उलट लहरीचा उतार एकत्र आले की दोन्ही एकमेकांस खाऊन टाकतात. हे तंत्र सतत चालणाऱ्या, खालच्या पट्टीतील घरघरीवर उत्तम चालते. बसचे इंजिन हे त्याचे नमुनेदार उदाहरण. पण अचानक होणाऱ्या, तुटक आणि वरच्या पट्टीतील आवाजांवर त्याचा प्रभाव कमी पडतो. कंडक्टरची शिटी, भांडी पडल्याचा आवाज, यंत्रमागाचा खटका, यांना अडविण्याचे काम मुख्यतः जाड गादीची बंद वाटीच करते. ‘नॉइज कॅन्सलिंग’ असे वाचून सारे जग मुके होईल अशी अपेक्षा धरू नये.

तंबोऱ्याची कसोटी

आता दुसरा प्रश्न : काय ऐकणार? ज्यांना ढोल-ताशा आणि नाचाची गाणीच ऐकावयाची आहेत त्यांनी खर्ज भरपूर असलेला हेडफोन खुशाल घ्यावा. त्यात कमीपणा नाही. पण ज्याला ख्याल, अभंग, दासपदे, नाट्यपदे ऐकावयाची आहेत त्याला मी एकच कसोटी सुचवीन, ती तंबोऱ्याची.

तंबोरा आपल्या शेजारचा आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याला चार तारा. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. काळी एक ही पट्टी धरली तर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर कंप पावते. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावलेली असल्यामुळे त्या एका तारेतून दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कितीतरी कंपनांचे स्वर एकदम उमलतात. पाचव्या पटीचा स्वर सुमारे ३४६ हर्ट्झवर येतो, आणि तो असतो गांधार! कोणी न छेडलेला, आपोआप निघणारा हा स्वयंभू गांधार ऐकू येणे ही जुळलेल्या तंबोऱ्याची खूण मानतात. मला तर ती हेडफोनचीही खूण वाटते.

ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात गायक स्वर लावण्यापूर्वी काही क्षण नुसता तंबोरा चालतो. तेवढाच भाग पुन्हा पुन्हा ऐकावा. चारही तारा वेगवेगळ्या मोजता आल्या पाहिजेत. खर्जाची तार थुलथुलीत वाटली तर हेडफोनने खर्ज फुगविला आहे. जवारीचा झंकार काचेवर नख ओढल्यासारखा टोचला तर वरचा पट्टा चढविला आहे. आणि झंकार नुसता धुरासारखा मागे पसरलेला राहिला तर वरचा पट्टा दबलेला आहे. पुढे तबला सुरू झाला की डग्ग्याकडे लक्ष द्यावे. डग्गा घुमताच तंबोरा नाहीसा होत असेल तर तो हेडफोन ख्यालाच्या कामाचा नाही.

कुमार गंधर्वांचे गाणे हीही चांगली परीक्षा आहे. क्षयाच्या दीर्घ आजारानंतर त्यांचे एक फुप्फुस निकामी झाले होते, आणि त्यांच्या नंतरच्या गाण्यात लहान लहान, तुटक व नेमके स्वरसमूह येतात. दोन स्वरसमूहांमधला श्वास आणि शांतता ही त्या गाण्याचाच भाग असते. चांगल्या हेडफोनमध्ये ती शांतता मोकळी ठेवलेली जाणवते. वाईटात ती घुमाऱ्याने भरून जाते. याउलट अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकताना वरचा पट्टा चढविलेला हेडफोन फार त्रास देतो, कारण तो सुईची खरखरच मोठी करून ऐकवितो. जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्याने वरचा पट्टा सौम्य असलेलाच घ्यावा.

आपल्यासारख्या दुभाषी श्रोत्यांना आणखी एक चाचणी सहज करता येते. ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी पाश्चात्य वाद्यवृंद अमेरिकेत ध्वनिमुद्रित केला, आणि त्याच चित्रपटाच्या ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) या कन्नड अवताराचे संगीतही त्यांचेच आहे. चाल ओळखीची आणि भाषा दोन. त्यामुळे आपला कान चालीत न गुंतता अक्षरांकडे जातो. स, श, च या वर्णांचा सीत्कार साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झच्या आसपास असतो. तो बोचला तर तासाभराने डोके दुखणार हे नक्की. मराठीतील ‘चमचा’चा च आणि ‘चिमणी’चा च हे दोन वेगळे च स्पष्ट वेगळे ऐकू आले, तर मधला व वरचा पट्टा सरळ आहे असे समजावे.

दुकानात काय करावे?

कन्नडमध्ये ‘केळु’ या एकाच धातूचे दोन अर्थ होतात : ऐकणे आणि विचारणे. खरेदीला जाताना दोन्ही करावे.

ऐकण्याबाबत एक सावधगिरी बाळगावी. दोन हेडफोन ताडताना दोहोंचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका जुळवून घ्यावा. जो मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की, आवाज कमी असताना आपल्या कानाला खर्ज आणखीच कमी ऐकू येतो. म्हणून नुसता आवाज वाढविला तरी तोच हेडफोन भरदार वाटू लागतो. आपल्या फोनवर आपल्या ओळखीची तीन गाणी घेऊन जावे; दुकानाने लावून ठेवलेल्या गाण्यावर निर्णय घेऊ नये.

आमच्याकडे अडचण अशी की, दुकानांत मांडलेला माल बहुतेक बिनतारी असतो. मला एके ठिकाणी तर ‘पेटी उघडून दाखवत नाही, घ्यायचं असेल तर घ्या’ असेही उत्तर मिळाले. अशा वेळी वाद्यांच्या किंवा ध्वनिक्षेपकांच्या दुकानात चौकशी करावी. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी बनविलेले तारेचे हेडफोन तेथे मिळण्याचा संभव अधिक. घरपोच मागवावयाचे असल्यास आवडले नाही तर पैसे परत मिळतात की फक्त वस्तू बदलून मिळते, हे आधी वाचावे. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विचारण्याबाबत : वॉरंटी कोण देतो, दुरुस्ती कोठे होते, गाद्या आणि तार सुटी मिळते का, हे विचारावे आणि पक्के बिल घ्यावे. छापील किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेलाच असतो. आठ हजारांच्या हेडफोनमध्ये सुमारे १,२२० रुपये करच आहे. तो भरूनही बिल न घेणारा ग्राहक वॉरंटीचा हक्क स्वतःच्या हाताने सोडून देतो.

घसाऱ्याचा हिशेब

वस्तूची किंमत आणि वस्तूचा खर्च या दोन गोष्टी भिन्न आहेत हे आम्हांला घसारा शिकविताना सांगितले जाते. समजा, तीन हजारांचा हेडफोन दोन वर्षांत मोडला. वर्षाचा खर्च १,५०० रुपये. समजा, दुसरा आठ हजारांचा असून त्याची तार आणि गाद्या बदलता येतात. आठ वर्षांत दोनदा गाद्यांवर मिळून दोन हजार खर्च झाला. एकूण दहा हजार भागिले आठ, म्हणजे वर्षाचे १,२५० रुपये. महाग वाटलेली वस्तू प्रत्यक्षात स्वस्त पडली. पण ही किमया आठ हजार या आकड्याची नव्हे. सुटी तार व सुट्या गाद्या यांची आहे. ज्याची तार आतच पक्की बसविलेली आहे तो हेडफोन तार तुटली की डाग देणाऱ्याकडे न्यावा लागतो.

गाद्यांचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. कातड्यासारख्या दिसणाऱ्या गाद्या बहुधा पॉलियुरेथेनच्या असतात, आणि हवेतील ओलाव्याने ते द्रव्य हळूहळू विघटित होते. बेळगावच्या चार महिन्यांच्या पावसाळी दमट हवेत काळी पापुद्रे सुटून कानाला चिकटू लागतात. निपाणीकडे उन्हाळ्यात निराळी तऱ्हा. तेथे त्याच गाद्यांत कान घामाने भिजतात. मखमली कापडाच्या गाद्या थंड राहतात, पण गोंगाट थोडा जास्त आत येऊ देतात. हेडफोन पावसाळ्यात पिशवीत कोंडून न ठेवता कोरड्या फडक्याने पुसून उघड्या जागी ठेवावा.

कानाचा घसारा

हेडफोनला घसारा आहे तसा कानालाही आहे, आणि कानाची सुटी गादी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ती मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज दर ३ डेसिबलने चढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास, ९२ ला अडीच तास. हे आठवड्याचे आकडे आहेत, दिवसाचे नव्हेत.

आमचे घर वडगावात आहे. आजूबाजूला यंत्रमाग चालतात, आणि मागाच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. माझ्या काकांनी अशा शेडमध्ये जवळजवळ तीस वर्षे काम केले. तरुणपणी ते भजनाला तंबोरा धरीत असत. गेल्या दिवाळीत मैत्रिणीकडून आणलेला एक चांगला हेडफोन मी त्यांच्या कानाला लावला आणि भीमसेनांचा एक अभंग सुरू केला. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, “गाणं ऐकू येतंय खरं, तंबोरा कुठं हाय गे?” तंबोरा स्पष्ट वाजत होता. गोंगाटाने कान जातो तो प्रथम चार हजार हर्ट्झच्या आसपास जातो. जवारीचा झंकार आणि व्यंजनांची धार तेथेच असते. शब्द कळतात, गळा कळतो, झंकार नाहीसा होतो. काकांना तो गोंगाट पोटासाठी सोसावा लागला. आपण मात्र तोच गोंगाट पैसे देऊन कानावर बांधून घेतो.

यावरून पहिल्या प्रश्नाचे महत्त्व पुन्हा ध्यानात येईल. गोंगाटाच्या जागी बाहेरचा आवाज अडला नाही की आपण नकळत गाण्याचा आवाज वाढवितो. म्हणून जागेला योग्य असा हेडफोन घेणे हे कानाचेच रक्षण आहे.

तीन ग्राहक, तीन उत्तरे

माझी एक मैत्रीण निपाणीहून शनिवार-रविवार सीएच्या शिकवणीसाठी बेळगावला येते. येता-जाता प्रत्येकी पाऊणशे किलोमीटर बसचा प्रवास, आणि गाणी ऐकण्याचा तिचा वेळ तोच. तिच्यासाठी बिनतारी, बंद आणि नॉइज कॅन्सलिंगचा हेडफोन योग्य. वजनाने हलका हवा. सोनीचा ‘डब्ल्यूएच-सीएच७२०एन’ अवघा १९२ ग्रॅमचा आहे. इंजिनाची घरघर गेली की ती आवाज निम्म्यावर ठेवूनही ऐकू शकेल.

माझा मामेभाऊ खानापूर तालुक्यातील एका गावी राहतो. रात्री आठनंतर तेथे पावसाखेरीज आवाज नाही, आणि त्याला खोली स्वतंत्र आहे. त्याने जाळीचा घ्यावा. सेनहायझरचा ५० ओहमचा ‘एचडी ५९९’ किंवा एकेजीचा ५५ ओहमचा अर्धा उघडा ‘के२४० स्टुडिओ’ त्याच्या फोनला पेलेल, आणि दोहोंची तार बदलता येते. ख्यालाचा खरा आनंद आमच्या तिघांत त्यालाच मिळणार आहे.

मी स्वतः वडगावातील. दिवसा मागांचा खटखटाट, आणि रात्री त्याच खोलीत धाकटी बहीण दहावीचा अभ्यास करीत बसलेली. जाळीचा हेडफोन मला कितीही आवडला तरी तो माझ्या घराचा नव्हे. खटक्यांवर नॉइज कॅन्सलिंगचा फारसा उपयोग नाही, मग बॅटरीचे पैसे का द्यावेत? म्हणून मी तारेचा, बंद, सुट्या तारेचा आणि सुट्या गाद्यांचा हेडफोन घ्यावयाचे ठरविले आहे. ऑडिओ-टेक्निकाचा ३५ ओहमचा ‘एटीएच-एम४०एक्स’ माझ्या जमविलेल्या रकमेत बसतो, आणि तंबोऱ्याच्या कसोटीला तो उतरला. खर्जाची तार मोजता आली, आणि डग्ग्याखाली तंबोरा बुडाला नाही.

किमती वरचेवर बदलतात आणि नमुने दरवर्षी नवे निघतात. म्हणून वाचकांनी या नावांपेक्षा क्रम ध्यानात ठेवावा. आधी जागा, मग गाणे, मग फोनला पेलणे, मग सुटे भाग, आणि सर्वांत शेवटी कंपनी. घेतल्यावर पहिल्याच दिवशी आवाज किती ठेवावयाचा याची खूण ठरवून टाकावी; शेजारी बसलेल्याने साध्या आवाजात हाक मारली तर ती ऐकू यावी, ही बिनखर्चाची खूण पुरेशी आहे. बंद हेडफोन असेल तर आवाज त्याहूनही थोडा खाली ठेवावा. आजच्या वीस वर्षांच्या कानांना अजून चाळीस-पन्नास वर्षे तंबोरा ऐकावयाचा आहे.